‘साधी गाठ’ म्हणून वर्ष गेले, आता मुदतही जाईल

प्रश्न: पत्नीच्या स्तनातली गाठ ‘साधी आहे’ म्हणत डॉक्टरांनी बायोप्सी न करता वर्षभर गोळ्यांवर ठेवली. दुसरीकडे बायोप्सी केली तर तिसऱ्या टप्प्याचा कर्करोग निघाला. त्याला आता २२ महिने झाले. रुग्णालयाशी पत्रव्यवहार चालू आहे. भरपाई मिळेल का?

उत्तर: भरपाईचे नंतर बघू. आधी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम ६९ वाचा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल व्हायला हवी. रुग्णालयाला पाठवलेल्या पत्रांनी ही मुदत थांबत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. ‘चौकशी सुरू आहे’ या उत्तरावर विसंबून तुम्ही इतके महिने घालवलेत, याचा मला खरोखर त्रास होतो. असे प्रश्न सतत येतात आणि बहुतेक मुदत संपल्यावरच येतात.

दोन वर्षे कुठून मोजायची, यावरच सगळे ठरेल. तुम्ही म्हणाल, बायोप्सीच्या अहवालापासून. डॉक्टरांचे वकील म्हणतील, त्यांच्याकडच्या शेवटच्या तपासणीपासून. तसे मोजले तर मुदत संपलेलीही असू शकते. श्रीखंडे विरुद्ध फर्नांडिस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले, की हानी लपलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा योग्य काळजी घेतली असती तर जेव्हा कळली असती तेव्हापासून मुदत मोजावी. पण त्या रुग्ण महिलेने शस्त्रक्रियेनंतर नऊ वर्षे पोटदुखी गोळ्यांवर काढली होती, म्हणून ती हरली. तेव्हा गाठ वाढतेय हे कधी जाणवले आणि ते डॉक्टरांना कधी सांगितले, हे तारखांसह लिहून काढा. तक्रारीसोबत विलंबमाफीचा अर्जही जोडा. मात्र मंजुरी आयोगाच्या हाती आहे, त्या भरवशावर राहू नका.

बाकीचे खात्रीने सांगता येत नाही. निदान चुकले म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असे नाही. बायोप्सी वेळेत झाली असती तर उपचार किती सौम्य झाले असते, हे कर्करोगतज्ज्ञानेच लेखी सांगावे लागेल. त्यासाठी जुनी सोनोग्राफी, केसपेपर आणि बायोप्सीच्या स्लाइड लागतील. लेखी मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागणीची पोच घ्या. तज्ज्ञाचे मत यायला उशीर झाला तरी तक्रार अडवून ठेवू नका.

आणि तक्रारदार तुम्ही नव्हे, तुमची पत्नी. वकीलपत्रावर याच आठवड्यात तिची सही घ्या.