करार म्हणजे मुलांना लाच देणं का?

"मॅडम, ही तर लाच झाली. आज कॅरम द्या, उद्या मोबाईल मागतील." बालगृहातल्या काळजीवाहकांना वर्तन-करार, म्हणजे मूल कसं वागेल आणि त्याबदल्यात मोठे काय करतील हे दोघांच्या सहीनं कागदावर लिहिणं, शिकवताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यामागे आणखी एक चिंता असते. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 82 नं संस्थेत शिस्तीसाठी मारणं हा गुन्हा ठरवला. मग आमच्या हातात उरलं काय? रात्रपाळीत एकट्यानं अख्खा हॉल सांभाळणारा माणूस हे विचारतो, तेव्हा त्याला कायदा ऐकवून भागत नाही.

एक अनुभव सांगते; ओळख पटेल असे तपशील बदललेत. चौदा वर्षांचा मुलगा, जेवणाच्या रांगेत रोज मारामारी. तिथल्या काळजीवाहक काकांनी करार करून आणला होता : 'मी नीट वागेन. नाही वागलो तर घरचा फोन बंद.' खाली मुलाची सही.

आधी मी फोनची ओळ खोडली. घरच्यांशी बोलणं, जेवण, झोप हे मुलाचे हक्क आहेत. ते पणाला लावायचेच नाहीत. मग मुलालाच विचारलं, रांगेत नेमकं काय होतं? बराच वेळ नखं कुरतडून म्हणाला, "मागून ढकललं की डोकं फिरतं."

नवा करार झाला. कुणी ढकललं तर हात न उचलता तो काकांना हाक मारेल. काका त्याला लगेच रांगेतून बाजूला घेतील. ज्या रात्री जमेल, त्या रात्री काकांबरोबर कॅरमचा एक डाव. सह्या दोघांच्या. लाच चुकीच्या कामासाठी आणि चोरून देतात. इथे सगळं उघड, आणि चांगलं वागून झाल्यावर.

पाचव्या दिवशी काकांचा फोन. "फाडला त्यानं कागद. मी म्हणालोच होतो."

मी जाऊन तक्ता पाहिला. मुलाच्या रकान्यात चार रात्री, चार खुणा. कॅरमच्या रकान्यात एकच. दुसऱ्या रात्रीपासून काकांची ड्यूटी बदलली होती आणि बदलीवरच्या काकांना कराराचा पत्ताच नव्हता. तेव्हापासून प्रशिक्षणातला अर्धा वेळ मी मोठ्यांच्या बाजूवर घालवते. करार ड्यूटीच्या वहीत चढलाच पाहिजे, हे पुन्हापुन्हा सांगते.

काकांनी मुलाला जवळ बसवलं. "चुकलं रे माझं." नवा कागद आला. त्यात मुलानं स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली : 'काका येणार नसतील तर आधी सांगतील.' काकांनी त्या ओळीखाली वेगळी सही केली.