माळ घातली की दारू सुटते का?

तुम्ही विचारलंय, भाऊ रोज पितो, घरचे म्हणतात येत्या एकादशीला माळ घालू, दवाखाना नको. तर माळेने दारू सुटते का?

सुटते. आमच्या दादाची सुटली, नऊ वर्षं झाली. पण त्याच माळेपायी पहिल्या खेपेला तो मरता मरता वाचला, म्हणून लिहितोय.

आषाढीला सकाळी काकांनी त्याला महाराजांपुढे बसवलं, माळ घातली. रोज दोन क्वार्टर पिणारा माणूस, त्या घडीपासून थेंब नाही. रात्रीपर्यंत हात असे कापायला लागले की चहाची बशी तोंडापर्यंत जाईना. काका म्हणाले, "घाण बाहेर पडतेय, पडू दे." तिसऱ्या रात्री दादा चादरीवरच्या मुंग्या वेचत बसला. मुंग्या नव्हत्याच. एकेक चिमटीत धरून वाटीत टाकायचा आणि मला म्हणायचा, झाकण दे लवकर. मी दवाखाना म्हटलं, काकांनी अंगारा लावला. पहाटे फिट आली तेव्हा कुणाला न विचारता रिक्षा आणली.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, आणि 2 ते 4 दिवसांत हे भास. डॉक्टर त्याला डीटी म्हणतात, त्यात माणूस दगावतो. त्यावर लोराझेपामसारखी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात. बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही लागतं, तेही ग्लुकोजच्या आधी. नुसतं सलाइन लावून घरी आणू नका.

आता दुसऱ्या बाजूचं. त्या दवाखान्यातला समुपदेशक दादाच्या गळ्याकडे बघून हसला. "याने सुटत असती तर आम्ही कशाला बसलो असतो?" दादा परत तिथे गेला नाही, गोळ्याही थांबल्या. दोन महिन्यांनी एका लग्नात प्याला. घरी येऊन स्वतःच माळ तोडली, कोनाड्यात टाकली आणि पुढे तीन आठवडे पीतच राहिला. "आता तुटलीच ना," एवढंच म्हणायचा. माळेत मला खोट दिसते ती हीच: एक घोट म्हणजे सगळं बुडालं. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, या दारू सोडणाऱ्यांच्या गटात फक्त आजचा दिवस मोजतात, घसरलात तर उद्या पुन्हा या. आणि 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या त्या एएच्या पायऱ्यांतही परमेश्वर आहेच की! मग त्या साहेबांना आमची तुळसच का खुपली?

दुसऱ्या केंद्रात बाई भेटल्या, त्यांनी आधी विचारलं, गावात न पिणारे कोण कोण? दादाने भजनी मंडळातली सात नावं सांगितली. महिनाभराने, गोळ्या चालू असतानाच, त्याने पुन्हा माळ घातली. साडेसात ही त्याची गुत्त्याची वेळ, त्याच वेळी हरिपाठ. हातात टाळ असला की हात थरथरलेला कुणाला दिसत नाही, हे त्यानेच मला सांगितलं. लग्नात "गोळ्या चालू आहेत" म्हटलं की लोक म्हणतात, एकाने काय होतंय. "माळकरी आहे" म्हटलं की ग्लास मागे जातो. हे काम कुठलीच गोळी करत नाही.

तेव्हा आधी दवाखाना, मग माळ. भाऊ वारकरी घरातला नसेल किंवा त्याला नको असेल तर लादू नका, एएची मीटिंग बघा. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. आणि चहातून गुपचूप दारू सोडवायची गोळी देऊ नका, त्यावर तो प्याला तर जिवावर बेतू शकतं.

आमचे काका अजून चारचौघांत सांगतात, माळेने सुटली. काका, अंगारा लावलात तेव्हा सव्वादोन वाजले होते. फिट पाचला आली. मधले पावणेतीन तास तुम्ही दाराला पाठ लावून बसला होतात.