शिक्षा संपली, पुढे काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझे धाकटे दीर सात वर्षांची शिक्षा संपवून पुढच्या महिन्यात येरवड्यातून सुटतील. सासूबाईंना ते घरीच हवेत, गावात मात्र कुजबुज सुरू झाली आहे. मधल्या काळात राहण्याची काही सोय असते का? (सातारा जिल्हा)

ताई, सोय आहे, पण फार तोकडी. सरकारी अनुरक्षणगृहे मुख्यतः बालगृहांतून १८ वर्षे पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आहेत. शिक्षा भोगून आलेल्या मोठ्या माणसाला ‘हाफवे हाऊस’ म्हणावे असे छप्पर मिळालेच, तर ते एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या बळावर. ही उणीव मला फार खुपते. माझ्या पाहण्यात माणूस जुन्या टोळक्यात परत गेला तो बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच, रात्री पाठ टेकायला दुसरी जागा नव्हती म्हणून.

तेव्हा आत्तापासूनच हालचाल करा. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) असतात, त्यांना भेटा. सुटून आलेल्या बंद्याला लहानसा धंदा उभा करण्यासाठी या विभागाकडून मदत मिळते, तिचा अर्ज विचारून घ्या. मग कागदपत्रे. सात वर्षांत दिरांचा मोबाइल नंबर कधीच बंद पडला असेल. आधारला तोच जोडलेला असेल तर ओटीपी येणार नाही, आणि एका ओटीपीपायी बँकेपासून सगळे अडून बसते. रेशनकार्डावर नाव शिल्लक आहे का, तेही पाहा. सुटकेचा दाखला जपून ठेवा.

ज्यांच्यावर अन्याय झाला ते कुटुंब त्याच गावात राहत असेल, तर थेट घरी नेण्याची घाई नको. काही महिने मामाकडे किंवा बहिणीकडे राहू द्या. मात्र सुटकेच्या दिवशी फाटकाशी घरचे कुणीतरी उभे असायलाच हवे.

प्रश्न : आमच्या गल्लीत एका संस्थेने सुटलेल्या कैद्यांसाठी घर भाड्याने घेतले आहे. आम्ही विरोध करावा का? (पुणे)

भीती वाटणे साहजिक आहे, तिला मी नावे ठेवणार नाही. पण अर्ज देण्याआधी संस्थेला भेटून विचारा : रात्री जबाबदार कार्यकर्ता राहतो का, दारूबद्दल नियम काय, निवड कशी होते, किती महिने ठेवतात? सरळ उत्तरे मिळाली, तर विरोध करू नका. हीच माणसे कुठेतरी राहणारच आहेत, आणि देखरेखीखाली राहिलेली केव्हाही बरी.

आपल्या राज्याला हे नवे नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी १९३९ मध्ये कैद्यांसाठी ती खुली वसाहत उभी केली. तिथे कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात, आणि त्यांना कोंडायला भिंत नाही. शिक्षा चालू असलेल्या माणसांवर जिथे एवढा भरवसा टाकला गेला, तिथे शिक्षा पुरी केलेल्याला भाड्याची खोली नाकारणे मला पटत नाही.

प्रश्न : माझ्या गॅरेजमध्ये शिक्षा भोगून आलेल्या मुलाला कामावर ठेवू का? (नाशिक)

ठेवा. गुन्हा कोणता होता ते त्यालाच विचारा आणि काम त्या हिशेबाने द्या. पैशांच्या अफरातफरीत शिक्षा झालेल्याला पहिल्याच महिन्यात गल्ल्यावर बसवू नका, एवढेच. पगार मात्र इतरांइतकाच द्या. त्याची हकिकत सगळ्या दुकानाला सांगायची गरज नाही.

प्रश्न : भाच्याच्या हातून सतराव्या वर्षी चोरी झाली. आता तो सुधारगृहातून बाहेर पडतोय. हा डाग नोकरीत आडवा येईल का? (लातूर)

बाल न्याय मंडळापुढे चाललेल्या अशा प्रकरणात येऊ नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम २४ सांगते की, त्या निर्णयामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता लागत नाही. अपवाद आहे तो १६ वर्षांवरील मुलाचा खटला बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे चालवला तर. शिवाय कलम ४६ प्रमाणे संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला १८ नंतरही आर्थिक आधार देता येतो. भाचा सुधारगृह सोडण्यापूर्वीच जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन अनुरक्षणासाठी, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधारासाठी, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.