आजोबांचं चावीचं एचएमटी जनता घड्याळ बंद आहे. पुण्यात चांगला कारागीर कसा ओळखायचा?

मॉलमधल्या शोरूमच्या नादी लागू नका, तिथे सेलच बदलतात. पेठांतल्या जुन्या दुकानांत डोळ्याला भिंग लावून बसलेला कारागीर शोधा. एकच प्रश्न विचारा, "सर्व्हिसिंगला मशीन पूर्ण खोलणार ना?" माझं घड्याळ एकाने न खोलताच पेट्रोलमध्ये बुचकळून दिलं होतं, महिनाभरात पुन्हा ठप्प!

जनता १७ ज्वेलचं, म्हणजे घर्षण कमी करणारे १७ बारीक खडे असलेलं, दणकट मशीन. एचएमटीची घड्याळ कंपनी २०१६ मध्ये बंद झाली, तरी जुन्या घड्याळांतून काढलेले सुटे भाग मिळतात. बॅलन्स स्टाफ, म्हणजे आतल्या हेलकावणाऱ्या चाकाचा बारीक आस, तुटला असेल तर मात्र घाई करू नका, तो बसवणारा हात फार थोड्यांकडे असतो. बदललेले भाग परत मागा. आणि तबकडी नव्याने रंगवू देऊ नका हं, डाग असले तरी असू देत.