‘डोकं शांत करतेय’ म्हणते, पण झोपताना जास्तच चिडलेली असते

प्रश्न : माझी मुलगी २१ वर्षांची आहे. सीए इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप पास होऊन सध्या फोर्टमधल्या एका फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी लागणारी उमेदवारी, करते. पहिलंच वर्ष आहे. डोंबिवलीला घरी यायला नऊ-साडेनऊ होतात. ज्या दिवशी ऑफिसात बोलणी खाल्लेली असतात, त्या दिवशी जेवण कसंबसं उरकते आणि फोनवर बुद्धिबळ खेळत बसते, साडेबारा-एकपर्यंत. विचारलं तर ‘बाबा, डोकं शांत करतेय’ म्हणते. पण झोपायला जाताना जास्तच चिडलेली असते. फायनलचा अभ्यास मागे पडतोय. अ‍ॅप काढून टाकायला लावू का? की ही लाइनच तिला झेपत नाहीये? खेळ तिला माझ्या वडिलांनी सांगलीला शिकवला. त्यांचा लाकडी पट अजून माळ्यावर आहे. मला स्वतःला फक्त मोहऱ्यांच्या चाली येतात.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

अ‍ॅप काढायला लावू नका, हे आधी सांगते. दिवसभर दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या मुलीला रात्री स्वतःची अशी एक जागा लागते. तिची जागा बुद्धिबळ आहे आणि ती आजोबांकडून आलेली आहे. सांगलीकरांना याचं मोल मी सांगायला नको. भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्या गावात हा खेळ रुजवला. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे तिथल्याच.

पण तुमचं निरीक्षणही खरं आहे. शांत व्हायला बसलेली मुलगी चिडून उठते, म्हणजे कुठेतरी काहीतरी अडतंय. ती बहुधा तीन किंवा पाच मिनिटांचे डाव खेळत असणार, तेही रेटिंगचे, म्हणजे हार-जितीवर खेळाडूचे गुण कमी-जास्त होतात असे. बरोबरीच्या खेळाडूशी हरलं की साधारण सात-आठ गुण कापले जातात. ऑफिसात सीनियरने चूक काढली, घरी आल्यावर आकड्याने काढली. मग ‘एवढे वसूल करून झोपते’ म्हणून पुढचा डाव, आणि थकलेल्या डोक्याने तोही जातो. तीन मिनिटांच्या डावात विचार करायला वेळच नसतो, त्यामुळे दिवसभराची घाई तशीच पुढे चालू राहते. वरून ‘रीमॅच’चं बटण समोरच असतं. एक डाव संपल्याचं मनाला कळायच्या आत दुसरा सुरू.

इथे मला माझी एक आठवण सांगावीशी वाटते. पहिल्या नोकरीत आमचे साहेब सगळ्यांसमोर फाइल टेबलावर आपटायचे. पुण्यात वर्किंग विमेन्स हॉस्टेलला राहायचे मी. खोलीतली मैत्रीण मिरजेची. तिच्याकडे घडीचा पट होता, त्यातला एक काळा घोडा हरवलेला. त्याच्या जागी कोकम सरबताच्या बाटलीचं बूच ठेवायचो. मी तणतणत आले की ती एवढंच म्हणायची, ‘आधी मांड तरी.’ मी कॉटवर बसून एकेक प्यादं उभं करायचे. हत्ती कोपऱ्यात, शेजारी घोडा, मग उंट. पांढरा वजीर पांढऱ्या घरात आहे ना, बघायचं. बत्तीस मोहरी मांडायला दोन-तीन मिनिटं जायची, आणि तेवढ्यात माझा आवाज खाली यायचा. बोलायचं काय ते मांडता मांडताच बोलून व्हायचं. रात्रीत एकच डाव. हरले तरी त्याची कुठे नोंद नसायची, सकाळी कुणाला आठवतही नसे. मला आज वाटतं, मला शांत करायचं ते मोहरी मांडणंच.

फोनवर नेमकं तेवढंच राहून जातं. म्हणून तिच्याशी बोलताना ‘खेळू नको’ म्हणण्याऐवजी ‘वाईट दिवशी रेटिंगचा डाव नको’ एवढंच सुचवा. बिनरेटिंगचा डाव खेळायची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते. पंधरा मिनिटांचा, प्रत्येक खेळीला दहा सेकंद वाढीव मिळणारा एक डाव घ्यावा. साधारण पाऊण तासात संपतो आणि त्यात खरंच विचार करावा लागतो, तेव्हा ऑफिस आपोआप बाजूला पडतं. एका खेळीला एक दिवस अशा संथ पद्धतीचे डावही असतात. आजोबांच्या ओळखीतलं कुणी सांगलीत अजून खेळत असेल तर त्यांच्याशी असा डाव लावता येईल. लोकलमध्ये बसून एक चाल, बस. झटपट रेटिंगचे डाव रविवारी सकाळी, ताज्या डोक्याने खुशाल खेळू दे. तो तिचा हक्काचा आनंद आहे.

अभ्यासाची घाई तुम्ही करू नका. नव्या पद्धतीत आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनलला बसता येतं. तोवर सेल्फ-पेस्ड मॉड्यूल्स, म्हणजे आपापल्या वेगाने पूर्ण करायचे विषय, मात्र हळूहळू उरकायला हवीत, ती रविवारच्या दोन तासांत होतात. रात्री साडेदहानंतर तिच्याकडून अभ्यासाची अपेक्षाच नको. तेव्हा झोप हवी.

लाइन झेपत नाही का, हा प्रश्न वाईट दिवसाच्या रात्री विचारायचाच नाही. पहिल्या वर्षी व्हाउचर तपासणं, बँकेचं खातं जुळवणं, धूळ खात गोदामातला माल मोजणं, हेच वाट्याला येतं. त्यात चुका होतात आणि बोलणी बसतात. मी मुलांना एकच विचारते : गेल्या दोन महिन्यांत ऑफिसातलं काय तुम्ही घरी आपणहून सांगितलंत? ‘अमुक ठिकाणी फरक सापडत नव्हता, तो मी शोधला’ असं एक जरी निघालं, तरी माणूस त्या कामात आहे. तीन-चार महिने असं काहीच निघालं नाही, तर तिला घेऊन सविस्तर बोलायला या. आपण शांतपणे दुसऱ्या वाटा पाहू.

एक मात्र लक्ष ठेवा. जेवण तुटलं, रोजच रडू येऊ लागलं, किंवा आवडता खेळही नकोसा झाला, तर करिअरचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावरही बोलता येतं, मराठीतही.

आणि माळ्यावरचा तो पट या रविवारी खाली काढा. तुम्हाला चाली येतात, तेवढं पुष्कळ आहे. तुम्ही हराल, तिला हसू येईल, शिकवावंसं वाटेल. फक्त ती घरी यायच्या आधी तुम्ही पट मांडून ठेवू नका. कितीही वेळ लागला तरी मांडायचं तिच्यावर सोडा, आणि तेवढा वेळ समोर बसून राहा.