टायर शॉकअपच्या कडीला घासतो, काय करावे?

प्रश्न : माझ्या हॅचबॅकला उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग यांचा एकत्र संच) घरीच बसवले आणि १८५/६५ आर १५ ऐवजी २०५/६० आर १५ टायर घातले. मडगार्डला टायर लागू नये म्हणून स्ट्रटच्या (म्हणजे चाकाला धरणाऱ्या शॉकअपच्या) खालच्या बोल्टांवर कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कलण्याचा कोन) वाढवला. आता टायरची आतली बाजू स्प्रिंग जिच्यावर बसते त्या कडीला घासते. कडी ग्राइंडरने थोडी कमी केली तर चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कडीला ग्राइंडर मुळीच लावू नका. त्या कोपऱ्यावर येणारा गाडीचा सगळा भार स्प्रिंगमार्फत तिच्यावरच येतो, आणि पातळ झालेली कडी एखाद्या मोठ्या खड्ड्यात तडकू शकते.

मॅकफर्सन रचनेत (शॉकअपच चाकाला वरून धरतो अशा मांडणीत) स्ट्रट नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी घट्ट जोडलेला असतो. त्यामुळे स्टिअरिंग कितीही वळवले किंवा चाक वर-खाली झाले तरी टायर आणि स्ट्रट यांच्यातले अंतर जवळजवळ तेवढेच राहते. हे अंतर गाडी उभी असतानाच मोजता येते; मडगार्डचे अंतर मात्र वळणावर आणि खड्ड्यात बदलत असते. तुमचा टायर २० मिमीने रुंद झाला, म्हणजे रिम तीच असल्यास आतल्या बाजूने सुमारे १० मिमी जागा तिथेच गेली. त्यात खालच्या बोल्टांवर दिलेला कॅम्बर नकलला स्ट्रटच्या तुलनेत कलवतो आणि टायरचा वरचा भाग थेट स्ट्रटकडे ढकलतो. मडगार्डची अडचण सोडवताना तुम्ही ही दुसरी अडचण स्वतःच ओढवून घेतली आहे, असे मला वाटते.

म्हणून खालचे बोल्ट मूळ जागी आणा आणि तुमच्या संचात सरकणारी वरची प्लेट असेल, तर हवा तेवढा कॅम्बर तिथून द्या; तिथे स्ट्रट आणि चाक एकत्र कलत असल्याने त्यांच्यातली जागा कमी होत नाही. स्ट्रटचा खालचा ब्रॅकेट आट्यांवर फिरणारा असला, तरी स्प्रिंग तीच ठेवून कडी वर घेतली आणि गाडीची उंची ब्रॅकेटवरून पूर्वीइतकीच जुळवली, तर कडी टायरच्या तुलनेत होती तिथेच राहते. वळणावर टायर दबून आत सरकतो, त्यामुळे निदान ५-६ मिमी मोकळी जागा उरली पाहिजे.

तेवढी उरत नसेल तरच ५ मिमीचा, हबवर नेमका बसणारा स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी चकती) वापरावा. स्टड (चाकाचा नट ज्यावर बसतो तो बोल्ट) १२ मिमी जाडीचा आणि १.२५ मिमी आट्यांचा असेल, तर नट किमान दहा फेरे आत जायला हवा. त्याहून कमी जात असेल, तर लांब स्टड बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. स्पेसरमुळे चाक बाहेर येत असल्याने मडगार्ड पुन्हा तपासावा लागतो. त्यासाठी गाडी भक्कम स्टँडवर ठेवा (केवळ जॅकवर कधीही नाही), कडी खाली फिरवून स्प्रिंग पूर्ण सैल करून काढा, स्ट्रट स्प्रिंगशिवाय परत बसवा, चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत (शॉकअप पूर्ण दबल्यावर लागणाऱ्या रबरी अडथळ्यापर्यंत) उचला आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा. स्प्रिंग सैल होण्यापूर्वी स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नट उघडू नये. त्यात जिवाला धोका आहे. चाकाजवळचे प्लास्टिकचे अस्तर कुठे लागत असेल, तर तेवढे कापायला हरकत नाही.

या सगळ्यानंतरही जागा कमी पडली, तर १८५चेच टायर पुन्हा घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि कॅम्बर बदलला की टो (चाके पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतोच, म्हणून काम संपताच अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायर काही महिन्यांतच एका कडेने झिजतील.