मिलेच्या कापणीच्या चित्रांत सुगीचा आनंद का दिसत नाही?

फ्रेंच चित्रकार ज्याँ फ्रान्स्वा मिले याने आयुष्यभर शेतकरी रंगवले, तरी त्याच्या चित्रांत सुगीचा आनंद का दिसत नाही, असे आपण विचारले आहे. मी राजापूर तालुक्यातील एका शाळेत बरीच वर्षे चित्रकला शिकवली आणि घरची भातशेतीही केली, त्या आधारावर हे लिहितो.

सुगी त्याच्या चित्रांत आहे, पण १८५७ सालच्या त्याच्या सर्वांत गाजलेल्या चित्रात ती फार लांब आहे. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात असलेल्या या चित्राला मराठीत 'सरवा वेचणाऱ्या' असे नाव अगदी नेमके बसते, कारण कापणी उरकल्यावर शेतात गळून राहिलेल्या लोंब्यांना आपल्याकडे सरवाच म्हणतात. क्षितिजाजवळ उन्हात गव्हाच्या मोठमोठ्या उडव्या, भरलेली गाडी, मजुरांची गर्दी आणि घोड्यावर बसलेला देखरेख्या दिसतो. पुढे, जवळजवळ रिकाम्या जमिनीवर, तीन बाया सरवा वेचत आहेत. मागचे पीक त्यांचे नाही. कापणीनंतर पडलेले वेचण्याची गरिबांना जी मुभा तिकडच्या रूढीने दिली होती, तेवढाच त्यांचा वाटा. दोघी इतक्या वाकल्या आहेत की त्यांची शरीरे क्षितिजाच्या रेषेखालीच राहतात. निळ्या फडक्यातल्या बाईचा एक हात जमिनीकडे आहे आणि वेचलेल्या काड्यांची मूठ धरलेला दुसरा हात तिने पाठीवर टेकवला आहे. माझी आई भाताच्या लोंब्या ओच्यात टाकी, पण कमरेवर हात ठेवण्याची तिची लकब हीच होती, म्हणून वर्गात हे चित्र दाखवताना मी त्या हातापाशी नेहमी थांबत असे.

त्या काळच्या पॅरिसमधील काही समीक्षकांना हे चित्र चक्क भीतिदायक वाटले. १८४८ ची क्रांती होऊन दहा वर्षेही झाली नव्हती, आणि गरीब माणसांना एवढे भारदस्त, देवळातल्या मूर्तींसारखे रंगवणे म्हणजे त्यांना चिथावणे, असा त्यांचा समज झाला. मला तो अतिरेक वाटतो. मिले हा नॉर्मंडीच्या समुद्रकिनाऱ्यावरील ग्रुशी या खेड्यात १८१४ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मला होता आणि तरुणपणी शेतात राबलाही होता. पॅरिसजवळच्या बार्बिझाँ गावी तो १८४९ मध्ये स्थायिक झाला. तिथे तो बरेचसे काम आठवणीवरून करी, आणि आठवणीत कामाची लय उरते, चेहरे पुसट होतात. म्हणूनच या तिघींचे चेहरे आपल्याला नीट दिसत नाहीत. (लावणीच्या वेळी चिखलात उभ्या बायकांचे चेहरे तरी बांधावरून कुठे दिसतात?)

तेव्हा त्याला आनंद दिसलाच नाही असे नव्हे, असे मला वाटते; त्याने कामाकडे काम करणाऱ्याच्या अंगाने पाहिले. उजवीकडची तिसरी बाई जरा निरखून पाहा. ती ताठ उभी नाही आणि पुरती वाकलेलीही नाही. ती उठते आहे की पुन्हा वाकते आहे, हे सांगता येत नाही. आमच्या खाचरात कापणी करणाऱ्या बायकाही मध्येच अशाच अर्धवट थांबत, कारण एकदा कंबर पूर्ण सरळ केली की पुढचे वाकणे अधिक दुखते.